टेपवर उरलेली हजेरी

जलशुद्धीकरण केंद्रात दोघं भावंडं नोकरीला होती. बहीण वरच्या मजल्यावर संगणकाच्या खोलीत, धाकटा भाऊ खाली पंपांच्या गोंगाटात. वरची खोली थंड असायची, म्हणून उन्हाळ्यात भाऊ डबा घेऊन वर यायचा. बहीण त्याला बूट दाराबाहेर काढायला लावायची. धूळ टेपच्या मुळावर येते, असं तिचं म्हणणं. तो दारातूनच विचारायचा, "ऑपरेशन चालू आहे का, ताई? आत येऊ?" त्याचं ऐकून सगळं केंद्र तिला ताई म्हणायला लागलं. मुख्य कार्यालयात आधीच एक ताई होत्या, त्यामुळे या टेपताई झाल्या.

टेपताई केंद्रात लागल्या त्या टंकलेखक म्हणून. वडील गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याचं शिक्षण, आईचं औषधपाणी, पुढे त्याची नोकरी आणि लग्न, सगळं ताईंनी मार्गी लावलं. केंद्रात संगणक आला तेव्हा प्रशिक्षणाला कोणी जायचं यावर इंजिनिअर मंडळी एकमेकांची तोंडं बघत बसली, कारण प्रशिक्षणाचा भत्ता मिळणार नव्हता. ताईंनी हात वर केला आणि ते मशीन ज्या युनिक्स प्रणालीवर चालायचं ती शिकून परत आल्या. काही वर्षांनी मशीन विकणारी कंपनी बंद पडली. मशीन चालू राहिलं आणि ते चालू ठेवणारं माणूस एकच उरलं. ताईंना याचा गर्व होता आणि तो झाकून ठेवायची त्यांना सवय नव्हती. 'हे डबडं कधी जाणार?' असं एखाद्या साहेबाने विचारलं की त्या म्हणायच्या, "तुमची बदली होईपर्यंत तरी नाही." त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा विषय आईने काढला की, "एका वेळी एकच हट्टी जीव सांभाळता येतो मला," एवढ्यावर तो मिटायचा.

त्या मशीनचं काम तसं सरळ होतं. पाण्यात क्लोरिन किती सोडला जातोय, कुठला पंप अडला, कुठला अलार्म वाजला आणि तो कोणी, कुठल्या पडद्यावरून मिटवला, याची नोंद ते ठेवायचं. त्याच्या भरवशावर प्रशासनाने पंपचालकांची हाताने लिहिलेली नोंद बंद करून टाकली. एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची, हा हिशेब. मशीनची डिस्क लहान होती, म्हणून दर शनिवारी आठवड्याच्या नोंदी टेपवर चढवायच्या आणि डिस्कवरून पुसून जागा मोकळी करायची. हे काम करणारा छोटा प्रोग्राम ताईंनीच लिहिला होता. त्यात क्रमही त्यांनीच ठरवला: आधी अलार्म, मग क्लोरिनच्या मात्रा, शेवटी कर्मचाऱ्यांची हजेरी. महत्त्वाचं ते आधी.

मग एका वर्षी स्कझी कार्ड जळालं. टेप ड्राइव्ह आणि नोंदींची डिस्क ज्याला जोडलेली असते ते हे कार्ड. मशीन स्वतः ज्या डिस्कवर चालत होतं ती वेगळीकडे जोडलेली होती, म्हणून पाणीपुरवठा थांबला नाही, पण नोंदी थांबल्या. तसं कार्ड बाजारात मिळेना. जुन्या मालाच्या दुकानातून ताईंनी दुसऱ्याच कंपनीचं एक कार्ड मिळवलं. नव्या कार्डाची ओळख पटावी म्हणून युनिक्सचा गाभाच पुन्हा बांधावा लागला. तो बांधून झाला तर टेप दिसेना. एका केबलवर जेवढी यंत्रं, तेवढ्यांना वेगवेगळे क्रमांक लागतात, कार्डालाही लागतो. आणि नव्या कार्डाने नेमका टेप ड्राइव्हचाच क्रमांक स्वतःकडे घेतला होता. ताईंनी ड्राइव्हच्या मागच्या पिनांवरची टिकली चिमट्याने सरकवून त्याचा क्रमांक बदलला. टेप दिसायला लागली, पण मध्येच गायब व्हायची. केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे तार संपल्याची खूण करणारी बुचं, हवीत आणि मध्ये एकही नको, हा स्कझीचा नियम. नवी केबल लांब होती, तिच्यावर ड्राइव्ह टोकाऐवजी मध्ये आला होता आणि त्याच्या अंगावरचा टर्मिनेटर तसाच राहिला होता. तो काढला आणि गाडी रुळावर आली.

शेवटचं काम किरकोळ होतं. टेपचा पत्ता बदलला होता आणि शनिवारचा प्रोग्राम तिला जुन्या नावाने ओळखत होता. चालता प्रोग्राम कशाला उसवायचा, म्हणून ताईंनी नव्या पत्त्याला जुनं नाव देऊन टाकलं. मग तपासणी केली. एक नोंद टेपवर लिहिली, परत वाचली, बरोबर आली. पुन्हा लिहिली, पुन्हा वाचली. दरवेळी बरोबर. महिन्याच्या बैठकीत मुख्य अभियंत्यांनी सर्वांसमोर त्यांचं कौतुक केलं. बाहेरचा माणूस बोलावला असता तर त्याने नवं मशीनच गळ्यात मारलं असतं, असं ते म्हणाले. घरी भावाने आईला हा प्रसंग इतका रंगवून सांगितला की आईने विचारलं, ही काय तिथली मालकीण झाली का?

हे सगळं झालं तेव्हा पुढच्या प्रकरणाचा पत्ताही नव्हता.

प्रकरण असं की, कार्ड बदलल्यानंतर काही वर्षांनी केंद्राखालच्या वस्तीत एकाएकी जुलाब-उलट्यांची साथ पसरली. दवाखान्याच्या व्हरांड्यात खाटा टाकाव्या लागल्या. एक म्हातारे गृहस्थ आणि एक तान्हं मूल दगावलं. पाण्याच्या नमुन्यांवरून तारखा मागे मागे नेल्या तेव्हा बोट एका गुरुवारच्या दुसऱ्या पाळीवर येऊन थांबलं. त्या पाळीत क्लोरिन सोडणारा पंप बराच वेळ बंद होता. आणि पंपावर ड्यूटी होती ताईंच्या भावाची.

भावाचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. अलार्म वाजला. त्याने आतल्या फोनवरून पाळीच्या इंजिनिअरला कळवलं. इंजिनिअर म्हणाले, तो सेन्सर रोजच बोंबलतो, उद्या बघू. आणि त्यांनी आपल्या केबिनमधल्या पडद्यावरून अलार्म मिटवून टाकला. इंजिनिअरच्या परवानगीशिवाय राखीव पंप चालू करायचा नाही, हा लेखी नियम होता. पाळीचे इंजिनिअर म्हणाले, फोन आलाच नाही. अलार्म वाजला असेल तर तो खालीच मिटवला असणार. आतल्या फोनची नोंद कुठेच होत नव्हती. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दासमोर उभा होता, आणि त्यातला एक पंपचालक होता.

भावाला निलंबित केलं. वस्तीतली माणसं त्याच्या दारावरून जाताना थांबून बघायची. भावजयीने मुलीला शाळेतून घरी आणायची वेळ बदलून घेतली. ताई मात्र शांत होत्या. साथ उघडकीला येईपर्यंत मधला शनिवार उलटून गेला होता, म्हणजे डिस्कवरून नोंदी पुसल्या गेल्या होत्या. पण पुसल्या म्हणजे टेपवर होत्या. त्यांनी भावाला सांगितलं, "घाबरतोस काय? अलार्म कुठल्या पडद्यावरून मिटला ते टेप सांगेल. आणि टेपला कोणाची बदली नको असते की बढती."

चौकशीला एक निवृत्त न्यायाधीश नेमले होते. ताईंनी स्वतःहून त्यांना लेखी कळवलं की, ती टेप मोहोरबंद करावी आणि सर्वांसमक्ष वाचावी, म्हणजे बहिणीने नोंदीत ढवळाढवळ केली असं उद्या कोणी म्हणायला नको. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. त्यांना ताईंची रीत आवडली असावी.

ठरलेल्या सकाळी सगळे वरच्या खोलीत जमले. ताईंनी सगळ्यांना बूट काढायला लावले. पाळीच्या इंजिनिअरचा एक मोजा अंगठ्यावर फाटका निघाला आणि भाऊ कित्येक दिवसांनी गालातल्या गालात हसला. न्यायाधीशांनी मोहोर तोडली. ताईंनी टेप ड्राइव्हमध्ये सरकवली आणि टंकता टंकता सांगत राहिल्या: आधी अलार्म येतील, साहेब, सोमवारपासून ओळीने, गुरुवार यायला जरा वेळ लागेल.

पडद्यावर नावं आली. नावापुढे येण्याची वेळ, जाण्याची वेळ. पुन्हा नाव, वेळ, वेळ.

"हे अलार्म?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही. ही हजेरी आहे. थांबा."

त्यांनी टेप सुरुवातीला नेली आणि पुन्हा वाचली. पुन्हा हजेरी. मग पहिली नोंद ओलांडून पुढच्या नोंदीवर जायचा हुकूम दिला. ड्राइव्ह जरासा घुरघुरला आणि उत्तर आलं की पुढे काहीच लिहिलेलं नाही.

चूक ताईंना तिथेच, खुर्चीवर बसल्या बसल्या कळली. युनिक्समध्ये टेपला दोन नावं असतात. ड्राइव्ह तोच, टेप तीच. पण एका नावाने लिहिलं तर लिहून होताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, आणि दुसऱ्या नावाने लिहिलं तर जिथे संपलं तिथेच थांबून राहते, म्हणजे पुढची नोंद तिच्या पुढे लिहिता येते. एकापाठोपाठ तीन नोंदी चढवायच्या तर हे दुसरं नाव लागतं. नवं कार्ड बसवलं तेव्हा तपासणीसाठी ताईंनी पहिलं वापरलं, कारण लिहिलं की लगेच वाचता येत होतं, दरवेळी टेप हाताने मागे न्यायला नको. तपासणी एकाच नोंदीची होती, ती प्रत्येक वेळी उत्तीर्ण झाली. आणि प्रोग्रामचं जुनं नाव त्यांनी त्याच पत्त्याला चिकटवून दिलं. तेव्हापासून दर शनिवारी अलार्म टेपवर चढत होते, टेप मागे जात होती, त्यांच्यावर मात्रा लिहिल्या जात होत्या, टेप पुन्हा मागे जात होती आणि सगळ्यांवर हजेरी बसत होती. एकही चूक दाखवली जात नव्हती, कारण मशीनच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. तिन्ही कामं यशस्वी झाल्याचा संदेश ताई दर शनिवारी वाचत आणि मग डिस्क पुसत.

खोलीत प्रथम बोलले ते पाळीचे इंजिनिअर. अगदी हळू आवाजात.

"धाकटे कामावर हजर होते, एवढं तरी टेपने सांगितलं."

मग त्यांनी न्यायाधीशांना एक गोष्ट नम्रपणे लक्षात आणून दिली. टेप शनिवारी लिहिली गेली आणि मोहोर लागली ती बऱ्याच दिवसांनी. मधल्या काळात ती कोणाच्या ताब्यात होती? आणि नेमक्या अलार्मच्याच नोंदी कशा नाहीत? त्यांना कोणावर आरोप करायचा नव्हता. तो त्यांनी न करताच केला. खाली पोचेपर्यंत केंद्रभर झालं होतं की बहिणीने भावासाठी टेप कोरी केली.

जिन्यात भावाने ताईंना गाठलं. त्याला वाटलं होतं टेप बिघडली. ताईंनी त्याला सगळं सांगितलं, भिंतीला पाठ लावून, मशीनबद्दल सांगताना त्यांचा जो आवाज असायचा त्याच आवाजात.

"म्हणजे पुसलं गेलं?" त्याने विचारलं.

"पुसलं गेलं नाही. कधी राहिलंच नाही."

"कधीपासून?"

"कार्ड बदललं तेव्हापासून."

त्याने कठडा धरला. मग म्हणाला, "आईला सांगितलं होतं गं मी, काय हुशारी केली ते." आणि खाली निघून गेला.

आता ताईंपुढे जे उभं राहिलं ते विचित्र होतं. टेपशी खेळ केल्याचा संशय तसाच राहिला असता तर भाऊ खोटा ठरला असता आणि दोघांवर पोलिसांत गुन्हा दाखल झाला असता. तो संशय घालवायचा तर एकच रस्ता होता: ही टेप कोणी बदलली नाही, सगळ्याच टेपा अशा आहेत, हे दाखवायचं. म्हणजे इतकी वर्षं केंद्राची एकुलती एक नोंद आपण दर आठवड्याला स्वतःच्या हाताने नष्ट करत होतो, हे समितीपुढे सिद्ध करायचं. ताईंनी अर्ज केला. सगळ्या जुन्या टेपा वाचाव्यात.

कपाट उघडलं. टेपा ओळीने लावलेल्या होत्या. प्रत्येकीवर ताईंच्या वळणदार अक्षरात तारीख आणि खाली 'अलार्म, मात्रा, हजेरी'. एकेक टेप आत जायची, घरघरायची, आणि पडद्यावर नाव, वेळ, वेळ. कारकून बाजूला बसून लिहून घ्यायचा. बऱ्याच टेपा झाल्यावर न्यायाधीश म्हणाले, "पुरे, बाई. मुद्दा लक्षात आला."

"नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "सगळ्या बघा. एखादी राहिली तर तिचं नाव निघेल."

दुपारच्या चहानंतर हे काम कंटाळवाणं झालं, आणि कंटाळलेली माणसं थट्टा करतात. पाळीचे इंजिनिअर म्हणाले, बाईंनी एवढी वर्षं आमच्या हजेरीची फार काळजी घेतली हो, मस्टर जळालं तरी पगार अडायचा नाही. कारकून हसला. न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. ताईंनी पुढची टेप लावली.

संध्याकाळच्या सुमारास जुनं कार्ड असतानाची शेवटची टेप आली. तिच्यात तिन्ही नोंदी होत्या. अलार्म, मात्रा, हजेरी, ओळीने, जशा हव्या तशा. ताईंनी ती मुद्दाम पूर्ण वाचून दाखवली, कारण चूक कुठल्या दिवशी सुरू झाली हे तिच्यामुळेच पक्कं होत होतं. चूक सुरू झाल्याची तारीख आणि मुख्य अभियंत्यांच्या कौतुकाची तारीख यांत एका बैठकीचं अंतर होतं.

अहवाल आला तेव्हा त्यात ताईंचं म्हणणं जसंच्या तसं स्वीकारलं होतं. टेपशी हेतुपुरस्सर छेडछाड झालेली नाही. संबंधित कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा दीर्घकालीन असल्याचं तिनेच सादर केलेल्या पुराव्यावरून सिद्ध होतं. सबब पोलिसांत जाण्याचं कारण नाही. पुढच्या परिच्छेदात भावाबद्दल होतं. अलार्मची सूचना वरिष्ठांना दिल्याचा त्याचा दावा होता; त्या दाव्याला आधार देणारी कोणतीही नोंद उपलब्ध नाही. पाळीच्या वेळी तो जागेवर हजर होता, याची नोंद उपलब्ध आहे. त्याला कामावरून काढलं. पाळीच्या इंजिनिअरना समज देण्यात आली आणि पुढे रीतसर बढतीवर दुसरीकडे पाठवण्यात आलं.

ताईंची नोकरी राहिली. वेतनवाढ रोखली आणि सेवापुस्तकात शेरा मारला, पण काढलं नाही, कारण नवी यंत्रणा येईपर्यंत ते मशीन चालवणार कोण, हा प्रश्न प्रशासनापुढे होताच. ताईंनी टेपचं नाव दुरुस्त केलं. त्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. टेपताई हे नाव केंद्रातून गेलं. पाठीमागे त्यांना हजेरीताई म्हणायला लागले, आणि पुढे पुढे पाठीमागेच असं राहिलं नाही.

भावाला शीतगृहाच्या फाटकावर पहाऱ्याचं काम मिळालं. अहवालानंतर ताई त्याच्या घरी गेल्या, तेव्हा तो जेवत होता. ताई म्हणाल्या, निदान गुन्हा तरी टळला; तू खोटा नाहीस हे मला माहीत आहे. तो खाली मान घालून जेवत राहिला. मग म्हणाला, "तू खरंच टेप कोरी केली असतीस ना ताई, तर मी जन्मभर तुझे पाय धरले असते. निदान माझ्यासाठी काहीतरी केलं असतंस."

भावजय म्हणाली, असं काय बोलता. त्यावर तो ताट सरकवून उठला. त्यानंतर ताई असताना तो घरात थांबलेला नाही. भांडण नाही, तंटा नाही. त्या आल्या की तो चपला घालतो.

आई त्याच्याकडे असते. तिला आता नीट ऐकू येत नाही, आणि मुलाची नोकरी का गेली हे तिला कोणी धड सांगितलेलं नाही. त्यामुळे ताईंना तिकडे जावं लागतं, आणि ते भावजयीने परस्पर जमवून दिलं आहे. भावाची पाळी बदलली की ती ताईंना संगणकाच्या खोलीत फोन करते. आवाज खाली ठेवून बोलते, इकडचं तिकडचं काही बोलत नाही.

"वन्सं, हे आत्ताच गेले कामावर. या तुम्ही. पण साडेपाचच्या आत निघा."

ताई बरं म्हणतात आणि पर्स उचलतात.